बिनधुराचा बार

सौमित्रचं नोकरीतलं पहिलं काम होतं चिंधी ओढण्याचं. पिस्तुलाच्या नळीतून पांढरी स्वच्छ चिंधी आरपार ओढायची, ती किती काळी झाली ते बघायचं आणि साहेबांना सांगायचं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तेव्हा पोलिसांच्या सरावासाठी पिस्तुलाची रिकामी काडतुसं पुन्हा भरून वापरण्याची योजना निघाली होती. त्या काडतुसांत कोणती पावडर घालावी, याचा निकाल चिंधी लावणार होती. पावडर पुरती जळली नाही की नळीत काजळी धरते, काजळी धरली की पिस्तूल अडतं, आणि अडलेल्या पिस्तुलापुढे भलेभले फौजदार घामाघूम होतात. सौमित्रने वर्षभर खपून एक अशी पावडर शोधून काढली की चिंधी जवळजवळ जशी घातली तशी बाहेर यायची. पुढे सरकारी योजनांचं होतं ते त्या योजनेचं झालं. पण ती पांढरी चिंधी त्याच्या डोक्यात कायमची बसली.

केतकीशी लग्न झालं, क्योतोच्या विद्यापीठातल्या ज्वलनशास्त्राच्या विभागात जागा मिळाली, नुपूर झाली, तरी चिंधी काही सुटली नाही. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या शेगडीवर तो अधूनमधून टिश्यू फिरवून बघायचा. केतकी म्हणायची, "माझ्या भाजीला चव आहे का ते कधी बघितलं नाहीस, पण बर्नरला काजळी आहे का ते रोज बघतोस."

जपानमध्ये मात्र या पिस्तूलपुराणाची पंचाईत होती. ज्या देशात पोलिसाच्या कमरेचं पिस्तूलसुद्धा त्याच्या पट्ट्याला दोरीनं बांधलेलं असतं, तिथे 'मी पूर्वी पिस्तुलाची काडतुसं भरायचो' असं सांगितलं की समोरचा माणूस हसत हसत पाऊलभर मागे सरकायचा. म्हणून सौमित्रने ते सांगणं सोडून दिलं होतं. आणि नेमकी तीच गोष्ट कुठूनतरी ऐकून एक दिवस मोरिता-सान त्याला भेटायला आले.

मोरिता-सान साठीला आलेले, किडकिडीत, कायम कोट घातलेले गृहस्थ. बिवा तळ्याच्या काठी एक छोटी कंपनी होती, तिच्यात ते तंत्रप्रमुख होते. कंपनी बनवायची बार. शाळेच्या शर्यतीत 'सावधान' म्हणून झाल्यावर गुरुजी हात वर करून पिस्तूल उडवतात ना, त्या पिस्तुलात घालायचे कागदी बार.

"सौमित्र-सान, या देशात रोज वाजणारं पिस्तूल हे एवढंच," मोरिता-सान म्हणाले, "आणि त्याच्याविरुद्धही आता तक्रारी येतात."

तक्रारी खऱ्या होत्या. जपानी शाळेचा क्रीडादिन, म्हणजे उंदोकाई, हा आख्ख्या वस्तीचा सण असतो. पण आता शाळांच्या भिंतीला भिंत लागून घरं झाली होती. कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांना बाराच्या दारूचा वास लागायचा, कुणाच्या दमेकरी मुलाला धुरानं ढास लागायची, कुणाला तो आवाजच सोसायचा नाही. शाळांनी कंपनीला कळवलं होतं, काहीतरी स्वच्छ जळणारं काढा.

सौमित्रला काय, आंधळा मागतो एक डोळा असं झालं. चार पावडरी त्याच्यापुढे आल्या. एका बंद पेटीत तो बार उडवायचा, आत टांगलेली पांढरी चिंधी काढून उजेडात धरायचा. पहिल्या पावडरीनं चिंधीचं पार पोतेरं केलं. दुसरी बरी होती पण तिला गंधकाचा वास होता. तिसरी दमट हवेत रुसून बसायची. चौथीची चिंधी बाहेर आली तेव्हा मात्र त्याने ती मोरिता-सानच्या नाकासमोर नाचवली. इस्त्रीची घडी मोडल्यासारखी कोरी.

"आवाज थोडा बसका आहे," मोरिता-सान म्हणाले.

"शेजाऱ्यांना बरंच."

"हो." मग त्यांनी चिंधी त्याच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली. "सौमित्र-सान, आम्ही जुन्या बारात धूर मुद्दाम जास्त ठेवतो. मोठ्या स्पर्धांत घड्याळ लावणारे लोक दूर, शेवटच्या रेषेपाशी उभे असतात. आवाज त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतो. ते धूर बघून बटण दाबतात."

"पण हा बार तर प्राथमिक शाळांसाठी आहे ना? तिथे घड्याळ कोण लावतंय? पहिला, दुसरा, तिसरा, झालं."

"तेही खरं."

"मग शाळेत धुराकडे बघणारं आहेच कोण?"

मोरिता-सानने मान डोलावली. चौथी पावडर ठरली.

घरी त्या दिवसांत वेगळंच काहीतरी धुमसत होतं, आणि ते कोणत्याही चिंधीवर दिसत नव्हतं. नुपूर चौथीत गेली होती आणि सौमित्रची खात्री पटत चालली होती की पोरगी हातची चालली. हातची म्हणजे मराठीतून.

पाचसहा वर्षांची होईपर्यंत ती चुरूचुरू मराठी बोलायची. आता मागून हाक मारली तर ढिम्म हलत नसे. केतकीने स्वयंपाकघरातून विचारलं, "नुपूर, वरण वाढू का?" तर उत्तर नाही, आणि जवळ जाऊन विचारलं तर "एः?" असं जपानी हेल काढून. पुण्याहून आजी व्हिडिओवर यायची, प्रेमानं दहा प्रश्न विचारायची, आणि नुपूर नुसती हसायची, 'हाइ, हाइ', म्हणजे 'हो, हो', म्हणायची आणि सटकायची. "माझी नात मला तोडून टाकणार रे," आजी म्हणायची. "आणि तुम्ही दोघं तरी काय कुजबुजता सारखे? जरा मोठ्यानं बोला की!"

हे कुजबुजणं मात्र खरं होतं. दोघं मूळचे मोठ्या आवाजाचे. इथे आल्या आल्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा फार नम्रपणे, वाकून वाकून, आवाजाबद्दल सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांनी आवाज आवरला. बसमध्ये, रस्त्यावर, घरात. आता तर त्यांना त्याचा थोडा अभिमानही वाटायचा. पुण्याहून कुणी पाहुणे आले की तेच दोघं त्यांना 'जरा हळू' म्हणून दटावायचे.

"मला वाटतं तिचे कान दाखवू या," केतकी एकदा म्हणाली.

"कानाला काय धाड भरलीय? शाळेत दर वर्षी तपासतात की."

"तिसरीपर्यंत तपासतात. मग एकदम पाचवीत."

"म्हणजे गेल्या वर्षी पास झालीच आहे ना ती? आणि मला सांग केतकी, जपानी व्यवस्थित ऐकू येतं आणि मराठी तेवढं येत नाही, असा कुठला रोग असतो कानाचा?"

समोर सोफ्यावर नुपूर जपानी कार्यक्रम बघत बसली होती. आवाज इतका कमी की नसल्यासारखाच, आणि तरी बरोबर जागेवर खदाखदा हसत होती. इथल्या टीव्हीवर बोललेलं प्रत्येक वाक्य खाली रंगीत अक्षरांत उमटतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं. सौमित्रला त्यात एवढंच दिसलं की पोरीला जपानी कसं मुरलंय. त्याला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की तो रागवायचा. दर रविवारी सकाळी तो तिला मराठी शिकवायला बसवू लागला. वहीवर मान खाली घालून तो शब्द सांगायचा आणि ती भलतेच लिहायची. "लक्ष नसतं तुझं!" हे वाक्य त्या घरात पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

सप्टेंबरात एक चांगली गोष्ट झाली. तिच्या वर्गशिक्षिका ओगावा सेन्सेईंचा फोन आला. उंदोकाईच्या शेवटी लाल आणि पांढऱ्या गटाची रिले शर्यत असते, सगळी शाळा तिच्यासाठी जीव टाकते. लाल गटाकडून पहिली धावायला नुपूरची निवड झाली होती.

"वेगानं धावणाऱ्या मुली आणखी आहेत," सेन्सेई म्हणाल्या, "पण बार झाला की नुपूर-चानइतकं झटकन कुणीच सुटत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत निघते."

सौमित्रची छाती फुगली. लागलीच त्याच्या डोक्यात दुसरी कल्पनाही आली. मोरिता-सानना नव्या बाराची चाचणी एखाद्या शाळेत घ्यायचीच होती. नुपूरच्या शाळेसारखी शाळा कुठे मिळणार? मुख्याध्यापक खूश झाले, मोरिता-सान खूश झाले. मुलीची शर्यत बापाच्या पावडरीनं सुरू होणार!

जेवताना त्याने ती बातमी सांगितली. या खेपेला तो रंगात आला होता, म्हणून नुपूरकडे तोंड करून, हातवारे करून बोलला. जुना बार कसा, तर त्याने मूठ वर केली आणि पाची बोटं उघडत धुराचा लोट काढून दाखवला. नवा बार कसा, तर पुन्हा मूठ वर, पुन्हा बोटं, आणि मग आडवा हात करून सगळं कापून टाकलं. धूर नाही!

नुपूर त्याच्या हाताकडे बघत राहिली. "धूर येणार नाही?" तिने जपानीत विचारलं.

"अजिबात नाही."

"थोडासुद्धा?"

"थोडासुद्धा नाही. आणि मराठीत विचार बघू."

ती भात चिवडत बसली. मग दोन-तीन दिवसांनी, तो आरशासमोर दाढी करत असताना, ती दारात येऊन उभी राहिली. मनातल्या मनात बराच वेळ जुळवलेलं असावं असं तिने सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "बाबा, थोडा धूर ठेव ना."

सौमित्रने ब्रश खाली ठेवला आणि फेसाळलेल्या तोंडानं ओरडायचाच बाकी राहिला. "केतकी, ऐकलंस? अख्खं वाक्य! आपणहून!" त्याने नुपूरला जवळ ओढून तिच्या गालाला फेस लावला. लेकीनं मराठीत सांगितलं याचा त्याला एवढा आनंद झाला की तिने काय सांगितलं ते तसंच राहून गेलं. नुपूर गाल पुसत शाळेत निघून गेली. संध्याकाळी त्याने मोरिता-साननाही ते गंमत म्हणून ऐकवलं, की पोरीला बाराचा धूर आवडतो. मोरिता-सान हसले नाहीत, पण जपानी माणूस हसला नाही म्हणून कुणी त्याचा अर्थ लावत बसत नाही.

उंदोकाईचा दिवस स्वच्छ उजाडला. हल्ली शाळा सगळं अर्ध्या दिवसात आटोपतात, त्यामुळे सकाळपासूनच मैदान गजबजलं होतं. दोरीच्या अलीकडे आईबाप चटया टाकून, फोन सरसावून बसलेले. पलीकडे लाल-पांढऱ्या टोप्यांची पोरं. कर्ण्यातून संगीत असं दणाणत होतं की शेजारच्या माणसाशी बोलायला कानाशी लागावं लागे. मुख्याध्यापकांनी भाषणात खास सांगितलं, "यंदा आपल्या शाळेत धुराशिवाय सुरुवात होणार आहे, आणि ती पावडर आपल्याच नुपूर-चानच्या वडिलांनी निवडलेली आहे." टाळ्या झाल्या. सौमित्र उठून चहूकडे वाकला. मोरिता-सान कोट घालून, हातातली चामडी बॅग मांडीवर ठेवून पहिल्या रांगेत बसले होते.

चौथीच्या मुलींची ऐंशी मीटरची शर्यत आली. नुपूर तिसऱ्या तुकडीत, पाच जणींत मधोमध. ओगावा सेन्सेईंनी हात वर केला. बाकी चौघींनी मान खाली घालून समोरच्या पट्ट्यावर नजर लावली. नुपूरने मान वळवून पिस्तुलाकडे बघितलं.

टप्प.

हवेत काही दिसलं नाही. नळीच्या तोंडाशी ऑक्टोबरचं निळं आकाश तेवढं होतं. चौघी सुटल्या. नुपूर तशीच, एक पाय पुढे, अंग झुकवलेलं, डोळे नळीवर. ती वाट बघत होती. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला शेजारचा पट्टा रिकामा दिसला असावा, कारण ती दचकली आणि जिवाच्या आकांतानं धावत सुटली. शेवटची आली. रेषेपलीकडे जाऊन तिने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

"घाबरली वाटतं गं बाई," केतकी म्हणाली. "लक्ष कुठे होतं तिचं?"

लक्ष कुठे होतं ते सौमित्रइतकं नीट त्या मैदानावर कुणाला दिसलं नव्हतं. आयुष्यभर तो नळीच्या तोंडाकडे बघत आला होता. त्याची पोरगी तिथेच बघत होती, आणि धूर शोधत होती.

मग एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली. मागून मारलेल्या हाका. स्वयंपाकघरातून विचारलेलं वरण. फोनमधली आजी. वहीत मान घालून सांगितलेले शब्द. आवाज नसलेला टीव्ही. शाळेत सेन्सेई समोर उभ्या राहून, तोंड उघडून, खणखणीत बोलतात. घरात आईबाप पाठीमागून कुजबुजतात. एक भाषा तिला दिसत होती आणि दुसरी दिसत नव्हती, एवढंच. थोडा धूर ठेव ना. याहून स्पष्ट काय सांगायला हवं होतं तिने?

"केतकी," तो म्हणाला, "तिला ऐकू येत नाहीये."

केतकीने त्याच्याकडे बघितलं. तिचा हात तोंडावर गेला. कानाच्या डॉक्टरची गोष्ट तिनेच काढली होती आणि मग तिनेही ती सोडून दिली होती, हे तिला आठवलं असणार. सौमित्र तोवर उठला होता.

रिलेला थोडाच वेळ उरला होता. दोरी ओलांडून मैदानात जायची पालकांना सक्त मनाई असते, आणि जपानात मनाई म्हणजे मनाई. सौमित्र दोरीखालून वाकून थेट ओगावा सेन्सेईंसमोर जाऊन उभा राहिला. मोरिता-सानही काय झालं म्हणून मागोमाग आले.

"सेन्सेई, रिलेला जुना बार वापरा. धुराचा."

"पण मुख्याध्यापकांनी आत्ताच तर..."

"माझ्या मुलीला ऐकू कमी येतं." हे वाक्य त्याने जपानीत उच्चारलं तेव्हा ते कुणा दुसऱ्याच्या मुलीबद्दल असल्यासारखं वाटलं. "ती धूर बघून धावते. म्हणून ती एवढी झटकन सुटायची."

सेन्सेईंचा चेहरा उतरला. त्यांनाही वर्षभराचं काहीतरी आठवत असावं. "कधीपासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला आत्ता कळलं," सौमित्र म्हणाला.

त्याहून लाजिरवाणं वाक्य त्याने आजवर कोणत्याही भाषेत उच्चारलं नव्हतं. सेन्सेईंनी ते वाकून झेललं. मग त्या विचार करून म्हणाल्या, "एक सोपा उपाय आहे. तिला दुसऱ्या क्रमांकावर धावू द्या. हातात दांडी आली की निघायचं. बाराचा प्रश्नच येणार नाही, आणि कुणाला काही सांगायलाही नको."

उपाय खरोखर सोपा होता. मुख्याध्यापकांचा शब्द राहिला असता, मोरिता-सानची चाचणी पुरी झाली असती, सौमित्रची पावडर शेवटपर्यंत वाजली असती. त्याने मैदानाच्या त्या टोकाकडे बघितलं. नुपूर पहिल्या पट्ट्यावर एकटीच उभी होती. तिने दुरंगी टोपी उलटून आपल्या गटाची लाल बाजू वर केली होती आणि ती पायानं रेषेवरची माती सारखी करत होती. मघाशी सगळ्या शाळेसमोर शेवटची आलेली पोर. तरी तिथून हलली नव्हती.

"नको," सौमित्र म्हणाला. "ती पहिलीच धावेल. चूक तिची नाहीये, माझ्या पावडरीची आहे."

सेन्सेईंनी मोरिता-सानकडे बघितलं. आता त्यांचंच नुकसान होतं. मोरिता-सानने बॅग उघडली आणि कागदात गुंडाळलेली एक छोटी पेटी काढून दोन्ही हातांनी सेन्सेईंपुढे धरली. जुने बार.

"असावेत म्हणून आणले होते," ते म्हणाले. मग सौमित्रकडे न बघता पुढे म्हणाले, "तुमची मुलगी धूर मागत होती, असं तुम्ही सांगितलंत ना? ते माझ्या मनातून जाईना."

परक्या माणसाच्या मनातून गेलं नव्हतं. सौमित्रने त्यांच्यापुढे मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

आता एकच राहिलं होतं. धूर येणार आहे हे नुपूरला कोण सांगणार? हाक मारण्यात अर्थ नव्हता. सौमित्र दोरीच्या कडेकडेनं धावत तिच्या समोरच्या वळणापाशी गेला आणि दोन्ही हात हलवू लागला. चटईवरचे लोक चमकून बघायला लागले. एका आजींनी आपला डबा बाजूला ओढून घेतला. शेवटी नुपूरने बघितलं आणि कुठल्याही दहा वर्षांच्या मुलीनं करावं तेच केलं. बापाची लाज वाटून तिने तोंड फिरवलं. पण पुन्हा चोरून बघितलं.

सौमित्रने मूठ वर केली. पाची बोटं उघडत सावकाश लोट काढला. आडवा हात मारला नाही. पुन्हा मूठ, पुन्हा लोट, आणि मान हलवून, हो. नुपूर कपाळाला आठ्या घालून बघत होती. त्याने तिसऱ्यांदा केलं. मग तिच्या आठ्या गेल्या. ती हसली नाही. तिने वळून पिस्तुलाकडे नजर लावली आणि गुडघा वाकवला.

सेन्सेईंनी हात वर केला.

बार असा कडाडला की कुंपणापलीकडच्या वायरीवरचे कावळे उडाले. करडा, दाट, गलिच्छ धूर नळीतून भसकन बाहेर पडला, आणि तो फुटभर वर चढायच्या आत नुपूर सुटली होती. पांढऱ्या गटाची मुलगी तिच्यामागे दोन पावलं, मग चार. वळणावर ती सौमित्रच्या अगदी जवळून गेली, दात ओठांत रुतलेले, डोळे मोठे. सगळी शाळा ओरडत होती. त्या ओरडण्यातलं तिच्यापर्यंत किती पोचत होतं कुणास ठाऊक. तिने दांडी पुढच्या मुलीच्या हातात दिली तेव्हा लाल गट चांगला पुढे होता. धूर वाऱ्याबरोबर दोरीवर आला, सौमित्रच्या पांढऱ्या शर्टावर, नाकातोंडात. तो खोकत होता, रडत होता, आणि लोकांना वाटत होतं धुरामुळेच.

शेवटच्या मुलाची दांडी सुटली आणि लाल गट हरला. नुपूर त्या मुलाशेजारी जाऊन बसली आणि इतरांसारखीच ओक्साबोक्शी रडली. उंदोकाईत हे असं चालायचंच.

दुपारी तिघं चालत घरी निघाली. केतकीने वाटेतच फोन करून सोमवारची कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली. नुपूर तिची पाण्याची बाटली झुलवत थोडी पुढे चालली होती. तिला हाक मारायला सौमित्रने तोंड उघडलं आणि मिटलं. तो भरभर पुढे गेला, तिच्यासमोर बसस्टॉपच्या बाजूला उकिडवा बसला आणि तोंड तिच्या तोंडासमोर आणलं.

"नुपूर," तो मराठीत म्हणाला. "तुला ऐकू येत नाही, हे मला का नाही सांगितलंस?"

ती त्याच्या ओठांकडे बघत होती. आता बघितल्यावर कळत होतं की ती नेहमी तिथेच बघायची.

"येतं की," ती म्हणाली. मराठीत. शब्द थोडे वाकडे, पण मराठीतच. "शाळेत येतं. मराठी नाही येत. तुम्ही सगळे हळू बोलता ना. मला वाटलं, मराठी हळूच बोलायची असते."

बसस्टॉपवर पाचसात माणसं नेहमीसारखी चिडीचूप रांगेत उभी होती. केतकी मागून येऊन पोचली होती आणि तिने ते ऐकलं होतं. सौमित्रने नुपूरच्या दोन्ही दंडांना धरलं, आणि इतक्या वर्षांत या शहरात कधी काढला नव्हता असा, थेट पुण्याचा, आवाज काढला.

"नाही गं राणी! मोठ्यानं बोलायची असते!"

आख्खी रांग वळून बघायला लागली. बाटली हातातल्या हातात थांबली. नुपूरने आधी रांगेकडे बघितलं, मग बापाच्या धुरकटलेल्या शर्टाकडे, मग पुन्हा त्याच्या तोंडाकडे.

"ऐकू आलं, बाबा," ती म्हणाली.